काचेच्या टाकीतील माशांचा जिवंत घास

मुंबईच्या उपनगरांतील बिऱ्हाडांत जागा थोडी. कुत्र्याला हिंडावयास अंगण नाही, गाईची तर गोष्टच नको. म्हणून मुलांची प्राणी पाळण्याची हौस बहुधा काचेच्या टाकीवर भागविली जाते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील दिवाणखान्यांत अशा टाक्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले, आणि तेथे सुटीच्या दिवशी मारलेल्या एका फेरीने कित्येक घरांत हा नाद शिरला असावा. कुर्ल्याच्या बाजारातून अथवा क्रॉफर्ड मार्केटातून मासे आणणे सोपे असते. टाकी, दिवा, हवेचा पंप, तळाची वाळू, सर्व काही एका फेरीत जमते. खरा प्रश्न उभा राहतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी: ह्या मंडळींस खावयास काय द्यावे?

डबीतील कोरडे दाणे आहेतच, व रोजच्या पोटापुरते ते वाईटही नाहीत. परंतु टाकीतील बहुतेक जाती मुळात शिकारी आहेत. पाण्यात काही वळवळले की निश्चल बसलेला एंजल मासा एकदम सावध होतो, फायटर आपले पिसाऱ्यासारखे पर ताणतो, आणि डबीतल्या दाण्याकडे तोंड फिरविणारा रुसलेला मासाही त्या घासावर तुटून पडतो. माशांनी अंडी घालावीत अशी इच्छा असणारे लोक नर-मादीस काही दिवस जिवंत अन्नावर ठेवतात, ते ह्याचसाठी. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची गोष्ट आणखी निराळी. कित्येक जातींच्या पिल्लांस जे हलत नाही ते अन्न आहे हेच कळत नाही. दाण्यांच्या राशीत ती उपाशी मरतात. एवंच जिवंत अन्न द्यावे की नाही हा वाद फारसा उरत नाही. विचार करावयाचा तो निराळ्याच गोष्टीचा, आणि ती म्हणजे तो जीव कोणत्या पाण्यात वाढला.

बाजारात सर्वांत सहज मिळतो तो ट्युबिफेक्स नावाचा किडा. पिंजलेल्या लाल लोकरीच्या गुंत्यासारखा त्याचा गोळा दिसतो. गांडुळाचाच हा दूरचा भाऊबंद. डोके चिखलात खुपसून तो अन्न शोधतो व शेपूट वर पाण्यात हालवीत राहतो, कारण श्वासोच्छ्वासाचे काम त्या शेपटीकडे असते. ज्या पाण्यात प्राणवायू इतका कमी की दुसरा जीव टिकू नये, तेथे हा आपल्या तांबड्या रक्ताच्या बळावर सुखाने नांदतो. साहजिकच त्याचे आवडते घर म्हणजे सांडपाण्याचा नाला. शहरातला नाला कसा असतो हे उपनगरवासीयांस सांगावयास नको. पावसाळ्यात तो पुष्कळदा स्वतःच भेटीस येतो. त्या गाळातील रोगजंतू तर ह्या किड्याबरोबर येतातच, परंतु गाळातील शिशासारखे धातूही तो अंगात साठवितो. थंड पाण्यातील ट्राउट माशांस गरगर फिरावयास लावणारा एक रोग आहे. त्या रोगाचा परजीवी आपल्या आयुष्याचा एक भाग ट्युबिफेक्सच्याच शरीरात काढतो, हे १९८४ मध्ये सिद्ध झाले. आपल्या उष्ण टाकीस त्या विशिष्ट रोगाचे भय नाही. परंतु किडा आपल्याबरोबर काय काय घेऊन येऊ शकतो ह्याची कल्पना त्यावरून येते.

विक्रेते सांगतात की वाहत्या पाण्याखाली दिवसभर ठेवला म्हणजे किडा शुद्ध होतो. पोटातील घाण त्याने बरीच जाते हे खरे. अंगात मुरलेले धातू त्याने जात नाहीत. शिवाय जेथे नळास तास-दोन तास पाणी येते व घरातील बादल्या भरता भरता ते जाते, तेथे किड्यांसाठी अहोरात्र धार सोडणार कोण? मग तो गोळा वाटीत घालून बर्फाच्या कपाटात, दह्याच्या शेजारी ठेवण्याची युक्ती निघते, आणि घरातील गृहिणी त्यास आक्षेप घेते. तिचा आक्षेप सर्वस्वी रास्त आहे. गोळ्यातील काही किडे मेले की ते पांढुरके पडतात, दुर्गंधी सुटते, आणि तोच घास टाकीत गेला की दोन दिवसांत पाणी दुधाळ होते. ज्यास ट्युबिफेक्सच द्यावयाचा आहे त्याने तो पसरट ताटलीत, थोड्या व थंड पाण्यात ठेवावा, दिवसातून चार-पाच वेळा पाणी पालटावे, मेलेले किडे काढून टाकावेत, आणि तोही क्वचितच द्यावा. वाळविलेल्या वड्या मिळतात त्यांचा त्रास कमी, तसे त्यांतील जीवनसत्त्वही कमीच.

दुसरे अन्न फुकटचे, आणि म्हणूनच अधिक घातक. ते म्हणजे डासांच्या अळ्या. माशास ह्याहून रुचकर घास क्वचितच असेल. घाटकोपरच्या एखाद्या हौशी गृहस्थाची कल्पना करावी: तो गच्चीच्या कोपऱ्यात बादलीभर पाणी उघडे ठेवतो, चार-पाच दिवसांनी त्यात वळवळ दिसू लागते, गाळणीने रोज थोड्या अळ्या काढून माशांस घालतो. युक्ती बिनखर्चाची असते. मग कचेरीतील कामामुळे म्हणा अथवा गावी लग्नास गेल्यामुळे म्हणा, दोन दिवस बादलीकडे पाहणे राहून जाते. मुंबईच्या उष्म्यात अंड्यापासून पंख फुटेपर्यंत डासास आठ-दहा दिवस पुरतात. मासे उपाशी राहतात, अळ्या उडून जातात, आणि त्यांचे पहिले भोजन शेजारच्या पाळण्यात होते. डेंग्यूचा डास घरातील स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो व दिवसा चावतो, हे येथे विसरता येत नाही.

ह्यात एक चमत्कारिक विरोध आहे. मुंबईच्या हिवतापाचा मुख्य वाहक असलेल्या डासाचे शास्त्रीय वर्णन १९०१ साली लिस्टन ह्यांनी केले, ते वऱ्हाडातील एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, नमुन्यांवरून. पुढे १९११ मध्ये बेंटली ह्यांनी मुंबईच्या हिवतापाचा शोध घेऊन अहवाल लिहिला, त्यात शहरातील विहिरींवर बोट ठेवले. विहिरी, हौद, डबकी ह्यांत गप्पी मासे सोडण्याचा महापालिकेचा प्रघात सर्वांच्या परिचयाचा आहे. तेथे मासा डासाचा नाश करावयास ठेवतात. आणि येथे गृहस्थ माशाकरिता डास पोसू लागतो! १८८८ च्या महापालिका अधिनियमाखाली घरात डासांची पैदास होऊ देणाऱ्यास नोटीस येते व दंडही होतो. त्या वेळी माशांच्या उपासाची सबब चालत नाही. तेव्हा हे अन्न घरी पैदा करण्याच्या नादी कोणीही लागू नये, हेच बरे. पाणपिसवा वाढविण्यासाठी हिरव्या पाण्याचे पिंप ठेवणाऱ्यांनीही त्यावर मलमलीचे फडके घट्ट बांधलेच पाहिजे.

मग निर्धोक असे काही आहे की नाही? आहे, आणि ते उपनगरांच्या उशालाच होते. मुलुंड, भांडुप, कांजूर ह्यांच्या पूर्वेस खाडीकाठी मिठागरांची रांग पसरलेली असे. मिठागराच्या कडक खाऱ्या पाण्यात मासा जगत नाही, म्हणून तेथे एक अगदी निराधार जीव निर्भयपणे राहतो. त्यास आर्टेमिया म्हणतात; कोळंबीचा हा चिमुकला नातलग. मुंबईच्या मिठागरांत तो असल्याचे सी. व्ही. कुलकर्णी ह्यांनी १९५३ साली नोंदविले. पाणी आटू लागले की ह्याची मादी कवचबंद अंडी टाकते. ती वाळूसारखी कोरडी पडून वर्षानुवर्षे टिकतात, आणि पुन्हा खारे पाणी लाभले की जागी होतात. माशांच्या पिल्लांस ह्यांचे नवजात जीव उत्तम मानवतात, हे १९३३ मध्ये अमेरिकेत सील ह्यांनी व १९३९ मध्ये नॉर्वेत रोलेफसेन ह्यांनी दाखविले, आणि तेव्हापासून जगभर कोळंबी व मत्स्यबीज ह्यांच्या संवर्धनास ह्याचाच मोठा आधार झाला. अंधेरीस वर्सोव्याला १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. तेथे मत्स्यसंवर्धन शिकणाऱ्या विद्यार्थ्यास ही अंडी पाटीपेन्सिलीइतकी ओळखीची.

बाजारात ह्या अंड्यांची डबी मिळते. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम खडे मीठ विरघळवावे, चिमूटभर अंडी घालावी, हवेच्या पंपाची नळी सोडावी व वर दिवा ठेवावा. पाणी २८ अंशांच्या आसपास असावे लागते. मुंबईत वर्षाचे बहुतेक महिने ते आपोआप तसेच असते, हे ह्या हवेचे थोडके उपकारच. एका अहोरात्रात नारिंगी रंगाचे, अर्ध्या मिलिमीटरहून लहान असे असंख्य जीव पाण्यात नाचू लागतात. मग पंप थांबवून भांड्याच्या एका बाजूस खाली दिवा धरावा. जीव उजेडाकडे धावतात, रिकामी कवचे वर तरंगतात. नळीने जीव तेवढे ओढून घ्यावेत, बारीक फडक्यात गाळून गोड्या पाण्याने धुवावेत व ताबडतोब पिल्लांस घालावेत. ताबडतोब म्हणण्याचे कारण हे की जन्मतः अंगी असलेला पोषक बलक तासातासाने सरतो. आणि टाकीतील गोड्या पाण्यात ते काही तासच जगतात. अर्धपारदर्शक पिल्लांची पोटे घटकाभरात नारिंगी दिसू लागतात. मुलांस ते भिंगातून अवश्य दाखवावे.

घाटकोपर-मुलुंडकडील कित्येक घरांत जिवंत प्राणी दुसऱ्यास भरविणे मनास रुचत नाही. त्या भावनेचा उपहास करण्याचे कारण नाही. अशा घरांनी शिकारी जाती न आणता सोनमासा ठेवावा. उकडून साल काढलेला वाटाणा व पालकाचे पान तो आवडीने खातो. एंजल अथवा फायटर घरी आणून त्यास सोवळे पाळावयास लावणे मात्र त्या मुक्या जीवावर अन्याय करणारे आहे.

प्रमाणाचे म्हणाल तर दोन-तीन मिनिटांत संपेल तेवढेच घालावे. लाल अळ्यांचा वाळविलेला चुरा हाताळताना काहींस शिंका येतात, डोळे चुरचुरतात, अंगावर गांधी उठतात; त्यांनी तो डबा घरातच आणू नये. पहिल्या पावसानंतर खत वा औषध न घातलेल्या बागेतील मातीत गांडुळे सापडतात. दिवसभर ओल्या फडक्यात ठेवून, धुऊन व बारीक करून दिलेले एक गांडूळ मोठ्या माशांच्या टाकीस पुरते. आणि आठवड्यातून एक दिवस काहीच न घातले तरी धडधाकट मोठ्या माशांचे काही बिघडत नाही. पिल्लांस मात्र दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावेच लागते.