पदवीच्या पुढच्या पायऱ्या



गावातली एखादी मुलगी डॉक्टर झाली की आपण तिचा सत्कार करतो. शाळेच्या फळ्यावर तिचं नाव लागतं, सरपंच तिच्या हाती नारळ देतात, आणि आपलं काम झालं असं समजून आपण घरी जातो. पण वैद्यकीत पदवी ही पहिली पायरी. तिच्या पुढं वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणं आहे, संशोधन आहे, विभागप्रमुख होणं आहे, अधिष्ठाता म्हणजे डीन होणं आहे. या वरच्या पायऱ्यांवर बायका कशा पोचल्या आणि आपल्या गावाशी त्याचा काय संबंध, एवढंच आज सांगायचं आहे.

आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, हे शाळेतलं पोरही सांगेल. त्याच साली मुंबईत बायकांसाठी कामा रुग्णालय उघडलं. सुरुवातीला त्याचा कारभार एडिथ पीची या इंग्लंडातून आलेल्या डॉक्टरीणबाईंकडे होता. इथल्या मुली शिकत होत्या, पदव्या घेत होत्या; परंतु वरची जागा मिळायला फार काळ जावा लागला.

डॉ. जेरुशा झिराड यांचंच पाहा. कोकणात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजातल्या या बाई. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्या शिकल्या. विलायतेत पुढं शिकायचं तर सरकारी शिष्यवृत्ती बायकांसाठी नव्हती. तेव्हा टाटांच्या निधीतून कर्ज घेऊन त्या लंडनला गेल्या. पुढं सरकारनं शिष्यवृत्ती दिली, आणि ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १९१९ साली त्या लंडनच्या एम.डी. झाल्या. १९२८ पासून १९४७ पर्यंत कामा रुग्णालय त्यांच्या हाती होतं.

आता त्या जागेवरून त्यांनी काय केलं ते ऐका. बाळंतपणात बायका दगावत. नशीब म्हणून लोक गप्प बसत. झिराडबाईंनी मुंबई शहरातल्या अशा मृत्यूंची कारणं शोधायचं काम हाती घेतलं आणि १९४१ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. मृत्यूचं कारण कळलं, तरच तो टाळायची वाट सापडते. वरच्या जागेवर कोण बसतं याला महत्त्व आहे ते यासाठी. कोणता प्रश्न अभ्यासाला घ्यायचा, पैसा कशावर खर्चायचा, विद्यार्थ्यांना काय शिकवायचं, हे तिथं ठरतं.

दुसरं नाव डॉ. हिल्डा लाझारस यांचं. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य होत्या, आणि १९४७ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पहिल्या भारतीय संचालक झाल्या. पण एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. कामा, लेडी हार्डिंग, वेल्लोर या तिन्ही संस्था मुळात बायकांसाठी निघालेल्या. जिथं पुरुष आणि स्त्रिया बरोबरीनं शिकतात, शिकवतात, तिथं वाट जास्त पाहावी लागली. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे एम्स, १९५६ साली उभी राहिली. तिच्या संचालकपदी पहिली स्त्री, डॉ. स्नेह भार्गव, आल्या १९८४ साली. पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १९४८ सालचं. त्याची सूत्रं पहिल्यांदा एका स्त्रीकडे, पुनीता अरोरा यांच्याकडे, आली २००४ साली. त्याच महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी डॉ. माधुरी कानिटकर २०१७ साली तिथं अधिष्ठाता झाल्या आणि २०२१ साली नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

इतका उशीर का? बायकांत हुशारी कमी का? मुळीच नाही. गुरुजी, एक साधा हिशेब मांडा. बारावीनंतर एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षं आणि वर इंटर्नशिपचं एक. मग एम.डी. किंवा एम.एस.ची तीन. नंतर निवासी डॉक्टर म्हणून आणखी एक. पुढं सहायक प्राध्यापक चार वर्षं, सहयोगी प्राध्यापक तीन वर्षं, आणि बढतीसाठी शोधनिबंध हवेतच. अठराव्या वर्षी निघालेली मुलगी कुठंही न अडखळता चालली, तर पस्तिशीच्या सुमाराला प्राध्यापक होते. लग्न, बाळंतपण, लेकरं लहान असणं, हे सगळं नेमकं याच सतरा वर्षांत येतं. तिच्या बरोबरीचा डॉक्टर बाप झाला तरी त्याची रात्रपाळी चुकत नाही, निबंध अडत नाही. हिचं एक वर्ष मागं पडतं, मग दुसरं. पुढची जागा निघते तेव्हा तो पात्र असतो, ही नसते. कुणी तिला उघड नाही म्हणत नाही, तरी ती मागं राहते ती अशी.

कायद्यानं काही केलं आहे. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांची पगारी रजा २६ आठवडे झाली, आणि पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं जिथं काम करतात तिथं पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. परंतु रजा संपते आणि लेकरू तर अजून रांगतही नसतं. पुढचं ओझं घरानंच वाटून घ्यायला हवं.

म्हणून काही गोष्टी मागायच्या आहेत. शिक्षकांनो, हुशार मुलीला ‘डॉक्टर हो’ म्हणता, तसं ‘पुढं डॉक्टरांना शिकवणारी हो’ असंही म्हणा. आईबापांनो, पदवी झाली की लगेच लग्नाची घाई करू नका, तिचं एम.डी. होऊ द्या. आणि सासरच्या मंडळींनो, सुनेची रात्रपाळी असेल तेव्हा नातवाला मांडीवर घ्या. आजोबांनी घेतलं तरी चालतं बरं का! जावईबापूंनी तर घ्यायलाच हवं.

सत्कार जरूर करा. पण नारळ हाती देताना तिला एवढं विचारा, ‘पोरी, पुढं काय शिकणार, आणि आमची काय मदत हवी?’ तिनं काही सांगितलं, तर त्यातलं एक तरी काम आपल्या अंगावर घ्या.