पावती कोणाच्या नावावर?

इथे प्रभादेवीत पागडीची खोली घ्यायची तर पहिला प्रश्न असतो, भाडेपावती कोणाच्या नावावर? वेबसाइटचंही तसंच. होस्टिंग म्हणजे भाड्याची खोली. डोमेन म्हणजे दारावरची पाटी, आणि पाटी खोलीमालकाची नसते.

ऐन शिष्यवृत्तीच्या मुदतीत आमच्या मंडळाची साइट बंद पडली. मुलींचे अर्ज अडकले. होस्टिंगवाला फोन उचलेना, मेलला उत्तर देईना. आमच्यातल्या एकीने डोमेनची नोंद ऑनलाइन शोधून काढली. होस्टिंगवाला नुसता दलाल निघाला. खरी नोंदणी दुसऱ्याच कंपनीकडे, म्हणजे रजिस्ट्रारकडे. नोंदीत नाव मंडळाचंच होतं. आम्ही थेट रजिस्ट्रारला मंडळाचा नोंदणी दाखला आणि पैसे भरल्याच्या पावत्या पाठवल्या, ट्रान्सफर कोड मागितला. डॉट कॉमसाठी ‘आयकॅन’ या जागतिक संस्थेचा नियम आहे: मालकाने मागितल्यावर रजिस्ट्रारने ५ दिवसांत कोड द्यायचा. टाळाटाळ झाली तर आयकॅनकडे तक्रार करता येते. डॉट इनचा कारभार आपल्याकडची ‘निक्सी’ पाहते. कोड आला, पाटी नव्या खोलीवर लागली. होस्टिंगवाल्याचं उत्तर अजून यायचंय!

‘रेडिफ’शी मिळतंजुळतं ‘रॅडिफ’ कुणी काढलं, तेव्हा १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटलं होतं, डोमेन म्हणजे नुसता पत्ता नव्हे. त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण हवं.

आज घरी गेल्यावर एवढं बघा: नोंदीतला ईमेल त्याच डोमेनवरचा तर नाही ना? डोमेन बंद पडलं की कोडही त्याच बंद पेटीत येणार.