पायाखालची जमीन

श्रोतेहो, थंडीत बाटलीतले खोबरेल गोठते, हे तुम्ही पाहिलेच असेल. असे गोठलेले तेल वाटीत घ्या, त्यात एक काडी उभी रोवा आणि वाटी उन्हात ठेवा. घटकाभरात काडी कलते, पडते. काडीचा काही दोष नाही बरं! तिचा आधारच वितळला.

सैबेरिया, अलास्का, कॅनडा या उत्तरेकडच्या मुलखांत पुष्कळ ठिकाणी जमीन अशीच गोठलेली आहे. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा सुटतो. खालची माती आणि तिच्यातले पाणी वर्षानुवर्षे दगडासारखे घट्ट. त्या भरवशावर माणसांनी घरे बांधली, रस्ते केले. आता हवा तापते आहे आणि ती जमीन सुटू लागली आहे. घरे कलतात, रस्ते खचतात. अलास्कात न्यूटॉक नावाचे युपिक लोकांचे गाव होते. तिथली माती सैल झाली, नदी काठ गिळत आली. २०१९ साली पहिली कुटुंबे सुमारे नऊ मैलांवरच्या मर्टारविकला राहायला गेली. शिवाय त्या मातीत युगानुयुगांचा पालापाचोळा गाडलेला आहे. तो कुजू लागला की कर्बवायू आणि मिथेन हवेत जातात व उष्णता आणखी वाढते. उत्तरेकडच्या त्या जमिनीतला कर्ब हवेतल्या कर्बाच्या जवळजवळ दुप्पट आहे.

“आम्हां गासकरांना त्याचे काय?” असे कोणी विचारील. आपल्याकडे बर्फ नाही, खरे. पण गास आणि वसईच्या किनारपट्टीतल्या गावांचा आधारही जमिनीखालीच आहे. खारे पाणी जड, गोडे हलके. बावखलांत साठलेले पावसाचे पाणी मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगते. विहिरी आणि वाड्या त्याच्यावरच जगतात. ही गोडी पातळी फूटभर उतरली, तर खालचे खारे पाणी हळूहळू चाळीसेक फूट वर चढू शकते, असा शास्त्राचा हिशेब आहे. आपल्या भागात कित्येक बावखले भराव घालून बुजवली गेली. भराव डोळ्यांना दिसतो. खारे पाणी चढताना दिसत नाही. कळते ते विहिरीचे पाणी मचूळ लागते तेव्हा.

गुरुजींनो, मुलांना घेऊन गावच्या विहिरी मोजा. वैशाखात एकदा, पावसाळा सरल्यावर एकदा. पाण्याची पातळी आणि चव वहीत लिहून ठेवा. दोन-चार वर्षांची वही झाली, की ती गावकऱ्यांच्या बैठकीत वाचून दाखवा.

न्यूटॉकच्या लोकांना आपली जमीन पुन्हा गोठवता येणार नाही. आपल्याला उरलेली बावखले जपता येतील, गाळ भरलेली उपसता येतील. तेवढे तरी करू या.