दुकात चांगला वागतो तेव्हा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषण, थोडे संपादित करून)



बाईवरच्या हिंसेबद्दल बोलायचं आणि उदाहरण अंतराळातल्या मालिकेचं, म्हणून काहीजणींच्या कपाळाला आठी पडली असेल. सासू-सुनांच्या मालिकांवर आपण पुष्कळ बोललो आहोत. आज लांबचं घेते. लांबचं असलं की आपला राग मध्ये येत नाही.

'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' ही अमेरिकन मालिका १९९३ ते १९९९ अशी सात पर्वं चालली. त्यात बजोर नावाचा ग्रह आहे. कार्डेशियन लोकांनी त्यावर पन्नास वर्षं राज्य केलं. खाणीत वेठबिगार, छावण्या, उपासमार, सगळं झालं. मालिका सुरू होते तेव्हा ते नुकतेच निघून गेले आहेत. किरा नरीस ही बजोरची, बाराव्या वर्षापासून सशस्त्र लढ्यात असलेली. आणि गुल दुकात हा बजोरवरचा शेवटचा कार्डेशियन अधिकारी.

सिनेमातला खलनायक दोन तासांत येतो, मार खातो आणि संपतो. मालिकेत तो वर्षानुवर्षं परत येत राहतो. दर वेळी नुसता दुष्टपणा करून भागत नाही, म्हणून लेखक त्याला घर देतात, मूल देतात, दुःख देतात. दुकातचं तेच झालं. १९९५च्या एका भागात त्याला बजोरी बाईपासून झालेली मुलगी झियाल सापडते. अब्रू वाचवायला तिला मारूनच टाकायचं असं ठरवून तो निघालेला असतो. शेवटी त्याचा हात उठत नाही. तिला तो घरी नेतो, त्यापायी हुद्दा गमावतो. पाहणाऱ्यांना वाटू लागतं, माणूस बदलतोय. मार्क अलैमो या नटानं त्याला असं काही रंगवलं होतं की तो आवडू लागला. त्याची आणि किराची जोडी जमवावी, असा विचारही पुढे आला. किराची भूमिका करणाऱ्या नाना व्हिझिटर यांनी ठाम विरोध केला आणि तो विषय बारगळला. एका अभिनेत्रीनं अडून बसावं लागलं, हे लक्षात ठेवा.

आता १९९८चा 'वॉल्ट्झ' हा भाग. प्रेक्षक दुकातला माफ करत चालले आहेत, हे मालिकेचे प्रमुख लेखक आयरा स्टीव्हन बेर यांना खटकत होतं. या भागात दुकात आपली बाजू मांडतो. मी आल्याबरोबर कामाचं प्रमाण निम्म्यावर आणलं, मुलांना कामाला लावणं बंद केलं, शिधा वाढवला, मृत्यू वीस टक्क्यांनी घटले. आणि या लोकांनी काय केलं, तर बॉम्ब लावला! मग मी दोनशे जणांना मारलं, त्यांनी माझ्यापुढे दुसरा मार्गच ठेवला नाही. केलेल्या उपकारांचा असा चोख हिशेब आपल्या समुपदेशन केंद्रात समोरच्या खुर्चीवर बसून कितीदा ऐकला आहे! साडी आणली, माहेरी पाठवलं, औषधपाणी केलं, तरी ही उलट बोलते. दुकातच्या या बोलण्याचा शेवट होतो तो सगळ्या बजोरींना मारूनच टाकायला हवं होतं, या वाक्यावर. म्हणजे चांगुलपणा खोटा होता असं नाही. तो खराच होता, पण त्याची किंमत ठरलेली होती. समोरच्यानं कृतज्ञ राहायचं.

त्याच वर्षी किराच्या आईची गोष्ट आली. मेरू उपाशी छावणीत, तीन मुलं पदरात. कार्डेशियन सैनिक येतात आणि अधिकाऱ्यांच्या 'सोयीसाठी' बायका निवडून नेतात. मालिका यासाठी तोच शब्द वापरते जो जपानी सैन्यानं पळवलेल्या कोरियन आणि इतर आशियाई बायकांसाठी वापरला गेला. किम हाक-सुन यांनी १९९१मध्ये स्वतःचं नाव सांगून ती हकीकत जगापुढे मांडली होती. दुकात मेरूशी अदबीनं वागतो, तिच्या नवऱ्याला आणि मुलांना अन्न पोचवतो. भूतकाळात जाऊन हे पाहणारी किरा संतापते, आई फितूर झाली म्हणून बॉम्बही लावते. मग नवऱ्याचा निरोप येतो की मुलं आता पोटभर जेवतात. मेरू रडते, आणि किरा तिला वाचवते. परतल्यावरही तिचं मन स्वच्छ होत नाही, आणि लेखकांनी ते केलंही नाही. मला हा भाग सगळ्यांत आवडतो. 'संमती' हा शब्द आपण किती सहज वापरतो! पाच जणांचं पोट एका बाईच्या होकारावर टांगलेलं असलं, तर त्याला होकार म्हणायचं का, यावर दुपारच्या गटचर्चेत बोलू.

पुढे मालिकेनं दुकातला भुताखेतांच्या ताब्यात दिलं, डोळे लाल झाले, आगीत शेवट झाला. हे मला पटत नाही. राक्षस झाला की प्रेक्षक सुटला. सभ्य, हसरा, मुलीवर माया करणारा अत्याचारी आपल्या ओळखीचा होता, तोच हातातून गेला. आणि झियाल? तिला मारलं, ते बापाला वेडं करण्यासाठी. मुलीचं मरण हे बापाच्या कथेतलं वळण!

पण तिला मारणारा डमार, दुकातचा हाताखालचा माणूस, त्याच्याकडे बघा. १९९९मध्ये तो आपल्याच मालकांविरुद्ध, म्हणजे डोमिनियनविरुद्ध उठतो, आणि त्याला गनिमी लढा शिकवायला येते किरा. डोमिनियन त्याच्या बायकोला आणि मुलाला मारतं. निरपराध बायकामुलांना मारणारे हे कसले लोक, असं तो म्हणतो. किरा त्याचाच प्रश्न त्याच्याकडे परत फेकते, असे हुकूम देणारे कसले लोक असतात, डमार? तो गप्प होतो. माफी मागत नाही, तिच्याकडून काही मिळवू पाहत नाही. थोड्याच वेळात, जुनं साम्राज्य परत हवं असलेल्या आपल्या दोस्तावर तो स्वतः गोळी झाडतो आणि ते राज्य आता परत येणार नाही, हे मान्य करतो.

किरा त्याला माफ करते का? मालिका सांगत नाही. ती त्याच्याबरोबर लढते, एवढंच दिसतं.