अंगावर काढलेले दुखणे



१९८७ साली बार्शी येथे देशातील पहिले ग्रामीण कर्करोग-नोंदणीचे दप्तर उघडले गेले. मुंबईच्या मानाने खेड्यांतील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण पुष्कळच कमी आहे, असे त्या दप्तरावरून दिसून आले. लवकर आलेले मातृत्व, अधिक बाळंतपणे आणि दीर्घकाळ केलेले स्तनपान ही त्याची कारणे सांगता येतात. परंतु तेवढ्यावरून हा सुखवस्तूंचा रोग होय, असे मानून आपण फार काळ निर्धास्त राहिलो, ही आपल्या वैद्यक व्यवसायाची मोठी चूक झाली असे मला वाटते. कारण रोग कोणास होतो आणि त्या रोगाने मरते कोण, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्या स्त्रियांपैकी पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण अमेरिकेत शेकडा ९०, तर भारतात शेकडा ६६ इतके होते.

हे अंतर कोठे पडते? आपल्या भाषेत दुखणे ‘अंगावर काढणे’ असा एक वाक्प्रचार आहे, आणि तो मला या रोगाच्या संदर्भात कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक नेमका वाटतो. आरंभीची गाठ बहुधा दुखत नाही. आणि जे दुखत नाही त्यासाठी रोजगार बुडवणे कष्टकरी स्त्रीला परवडत नाही. बीड जिल्ह्यातील एक ऊसतोड करणारी बाई माझ्याकडे आली तेव्हा गाठ फुटून जखम वाहत होती. गाठ तिला दिवाळीत, फडावर असतानाच लागली होती. परंतु नवराबायकोच्या एका कोयत्यावर उचल घेतलेली, एक दिवस गैरहजेरी झाली की मुकादम खाडा कापणार, आणि ही गोष्ट बोलायची तरी कोणापाशी, अशा तिहेरी कोंडीत पट्टा पडून हंगाम संपेपर्यंतचे सारे महिने तिने काढले. “दुकत नव्हतं, म्हनून ऱ्हाऊ दिलं,” एवढेच ती म्हणाली. तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपणांपैकी कोणासही नाही. तिने आपल्या संसाराचा हिशेब बिनचूक केला होता.

आणि दवाखान्याची पायरी चढल्यावरही तिची फरफट संपत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेने शस्त्रक्रियेचा व औषधांचा भार पुष्कळ हलका केला, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. मात्र शिधापत्रिकेवरील नावातील चूक दुरुस्त करण्यासाठी तहसील कचेरीत घातलेले हेलपाटे, सोबत आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी आणि परक्या शहरातील मुक्काम यांची भरपाई कोणतीही मंजुरी करीत नाही. केवळ गाठ काढून स्तन वाचवता येत असतानाही, पुढे कित्येक आठवडे रोज किरणोपचार घेण्यासाठी शहरात राहणे अशक्य म्हणून संपूर्ण स्तन काढून टाकण्यास संमती देणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. संमतिपत्रावरील त्यांच्या अंगठ्याखाली ‘रुग्णाच्या इच्छेनुसार’ असे लिहिताना माझा हात अडखळतो.

उपाय नाही, असे मात्र नाही. १९९८ पासून टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर स्त्रियांना सामावून घेणारा एक प्रदीर्घ प्रयोग केला. दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित सेविकांनी निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी स्त्रियांची केवळ हातांनी तपासणी केली. तेथे रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडला. सर्व वयोगटांचा एकत्र हिशेब घेता मृत्यूंतील घट निर्णायक ठरली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु पन्नाशीपुढील स्त्रियांत ती शेकडा ३० च्या जवळपास होती. त्यासाठी किमती यंत्र लागले नाही. ओळखीची बाई दाराशी आली, हे पुरेसे झाले.

म्हणून दुपारच्या बैठकीपुढे मी एक साधा ठराव ठेवीत आहे. आपल्या केसपेपरवर रोगाची अवस्था लिहिण्यास रकाना आहे. त्याच्या शेजारी आणखी दोन असावेत. गाठ प्रथम हाताला कधी लागली, आणि मधले दिवस कशात गेले. दुसऱ्या रकान्यात बाई जे सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. त्यात खाडा, दाखला, सासू, एसटीचे भाडे, जे येईल ते येऊ द्यावे.