चार रुपयांचा गोलंदाज



युनियनचा माणूस क्रिकेटवर काय बोलणार, असे काहींच्या मनात आले असेल. पण जिथे खेळ पगारावर खेळला जातो तिथे तो कामच होय. आणि कामाची गोष्ट निघाली की मलाही चार शब्द बोलण्याचा हक्क पोचतो.

आज खेळाडूंचे लिलाव होतात, कोटींच्या बोली लागतात. आपल्याकडील आद्य पगारी खेळाडू शोधायचे झाले, तर पुण्याच्या मैदानावर झाडू मारणाऱ्या एका पोरापाशी जावे लागते. बाळू पालवणकर हे त्याचे नाव. जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणे कोकणातले, जात चर्मकार, वडील लष्करात नोकरीला. पारशांच्या एका क्लबात मैदान झाडणे आणि रूळ फिरवणे यासाठी त्यांना महिना तीन रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले, तेव्हा पगार चार रुपये झाला. रूळ ओढायचा, जाळी बांधायची, चुन्याच्या रेघा मारायच्या आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. तासन् तास चेंडू टाकले, पण फलंदाजीला कोणी उभे केले नाही. बॅट ही साहेबाची, घाम चाकराचा!

ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज बाळूंनी आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. आता हिशेब करा. आठ वेळा साहेबाला बाद केले की महिन्याच्या पगाराएवढी रक्कम हाती येते. मजुराच्या भाषेत याला उक्ते काम म्हणतात. या उक्त्या कामातूनच डावखुऱ्या फिरकीचे एक अव्वल कसब तयार झाले.

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते; तेव्हा या कसबाची आठवण झाली. संघात घ्यावे की नाही यावर वाद माजला. अखेर घेतले. मैदानावर चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे, त्याला विटाळ नव्हता. मात्र चहाच्या वेळी बाळूंना दिवाणखान्याबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा मिळे. जेवणाचे ताट निराळे, टेबलही निराळे. श्रम चालतात, श्रमिक चालत नाही, असा तो न्याय होता.

प्लेगच्या दिवसांत ते मुंबईस आले, रेल्वेत चाकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियन संघाला १०९ धावांनी नमवले; त्या संघात बाळू होते आणि त्यांचे धाकटे बंधू शिवरामही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेला गेला. संघ हरत राहिला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. वय तेव्हा पस्तीस.

इतके झाल्यावर संघाचे नायकत्व कोणाकडे यावे? ते वर्षानुवर्षे दुसऱ्यांकडेच गेले. नायक झालेल्या पै यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले, की हा मान बाळूंचा होता. ही त्यांची दिलदारी. पण दिलदारीने नियम बदलत नाहीत. १९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी जातीच्या अन्यायाचा जाहीर निषेध करून संघातून अंग काढून घेतले. मंडळी, माझ्या शब्दकोशात याला संप म्हणतात. दोन माणसांचा संप! आणि तो वाया गेला नाही. पुढच्याच सामन्याला भाऊ परत आले आणि बाळू उपनायक झाले. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. १९२३ साली विठ्ठल रीतसर नायक झाले आणि हिंदू संघ जिंकला.

बाळू स्वतः मात्र पूर्ण नायक कधीच झाले नाहीत. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि ११,२२५ मते घेऊन हरले; बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली. १९५५ साली बाळू वारले.

यातून मी इतकेच घेतो. कसबाला भाव लवकर मिळतो, कारण त्याची गरज धन्याला असते. मानाची गरज धन्याला नसते. म्हणून तो मागावा लागतो, आणि मागताना शेजारी कोणीतरी उभे असावे लागते. बाळूंच्या बोटांनी शेकडो बळी घेतले, पण नायकपदाचे दार हलले ते भाऊ पाठीशी उभे राहिले तेव्हा. आपल्या हळदीच्या बाजारात पोते उचलणाऱ्या हमालाच्या पाठीला भाव आहेच. त्याचा चहा कोणत्या कपात येतो आणि तोलाच्या काट्याजवळ त्याच्या शब्दाला किंमत आहे की नाही, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.