उपासनेंतील स्वर : आपले आणि जगाचे

(महोत्सवाच्या सभेंत दिलेलें भाषण)



धर्मग्रामाच्या या मंगल महोत्सवप्रसंगीं उपासनेंतील संगीताविषयीं दोन शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली आहे. मिस्सेंत तबला-पेटी असावी कीं विलायती वाद्यें असावींत, हा वाद आपल्या वसईंत घरोघरीं ऐकूं येतो. म्हणून त्याचें मूळ पाहणें अगत्याचें आहे.

इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. आपल्या देशाचा छंद त्यांनीं येथील लोकांवर लादिला नाहीं. त्यांनीं ओवी उचलिली, आणि तींत रचिलेलें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापून प्रसिद्ध झालें. परदेशीय मुखानें देशी छंदांत प्रभूची कथा गाइली.

पुढें १९०३ सालीं परमगुरु दहावे पायस यांनीं ग्रेगोरियन गायन हा पवित्र संगीताचा आदर्श ठरविला आणि पियानो, नगारे, झांजा यांस मंदिरांत मनाई केली. नाटकगृहाचा थाट उपासनेंत शिरला होता, त्यास आळा घालणें हा त्यांचा हेतु. नंतर १९६३ च्या डिसेंबरांत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ग्रेगोरियन गायनाचा मान कायम ठेविला. परंतु त्याच लेखांत, मिशन-प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतासही योग्य स्थान द्यावें, असें सांगितलें. आपणांपैकीं एक पक्ष पहिलें वाक्य दाखवितो, दुसरा पक्ष दुसरें. वस्तुतः दोन्ही वाक्यें एकत्रच वाचावयाचीं आहेत.

आणि आपलें कोणतें, परकें कोणतें? ज्या पेटीस आम्ही आपली म्हणतों, तिच्या मूळ वाद्याचें पेटंट पॅरिसच्या देबें या कारागिरानें १८४२ सालीं घेतलें. उलट, नाताळांत जगभर गाइलें जाणारें ‘सायलेंट नाइट’ हें गीत १८१८ सालीं ऑस्ट्रियांतील ओबर्नडॉर्फ या लहान गांवीं, तेथील लोकांच्या जर्मन भाषेंत, गिटारीच्या साथीवर प्रथम गाइलें गेलें. तेंही एके काळीं गांवचेंच गाणें होतें.

मग कसोटी कोणती? आमच्या आजीस लॅटिनचें एक अक्षर कळत नसे. तरी ‘तान्तुम् एर्गो’ ती मुखोद्गत म्हणे. पुढें मिस्सा मराठींत आली, तेव्हां अर्थ कळून तिचे डोळे भरून आले. आज मात्र आम्ही पाहतों कीं ध्वनिक्षेपक गर्जतो, की-बोर्ड दुमदुमतो, आणि मागील बाकावरील वृद्धा मुकी बसते. पण तबलजीनें आपलें कौशल्य दाखवावयास घेतलें म्हणजेही ती मुकीच होते! दोष वाद्याच्या जन्मभूमीचा नव्हे. भाविकांच्या मुखांतील प्रार्थना हिरावली जाते, हा दोष होय.

म्हणून आमची नम्र सूचना ही : नवी चाल मिस्सेपूर्वीं सर्वांस शिकवावी, नित्याचीं गीतें सर्वांस झेपतील अशा पट्टींत ठेवावींत, एखादें जुनें लॅटिन गीत मुलांकडून पाठ करून घ्यावें, आणि तरुणांनीं नवें गीत आणिल्यास नाक न मुरडतां त्याचे शब्द श्रद्धेस धरून आहेत कीं नाहींत, हें पाहावें.

पुढील महोत्सवीं आपलीं नातवंडें याच छताखालीं गातील. त्यांनीं नुसतें ऐकत बसूं नये, गावें, एवढी सोय आपण करून ठेवूं या. प्रभु आपल्या सर्वांच्या मुखीं आपलें स्तवन अखंड ठेवो. आमेन.